कुणाची हरकत आहे का?

ए, जवळ या सगळ्या. आणि मध्ये कुणी बोलू नका, कारण मध्ये कुणी बोललं की माझी गाडी घसरते आणि मी शेवट आधीच सांगून टाकते.

तर. आई शिवणकाम करते, हे तुम्हाला माहीत आहे. पण आमच्या चर्चच्या मंडळीत ज्यांचा बाप्तिस्मा असतो ना, त्यांचे पांढरे झगेही आईच शिवते, हे माहीत नसेल. आमच्याकडे डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत. अख्खा माणूस हौदात बुडवून बाहेर काढतात. त्यामुळे झगा कसाबसा शिवून चालत नाही. पाण्यात गेला की तो छत्रीसारखा फुगतो, आणि पाळकसाहेब इकडे प्रार्थना करताहेत तर तिकडे त्या माणसाचा झगा त्याच्या कानाशी तरंगतोय! म्हणून खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे घालून शिवायचं. ते आईइतकं नीट कुणाला जमत नाही.

त्या रविवारी सकाळी एक झगा राहिला होता. चांगला लांबलचक. आई खिडकीशी बसून दुमड घालत होती, दादा खुर्चीत बसून गुडघ्याचा पट्टा आवळत होता, मी केस विंचरत होते, आणि पाळकीणबाई झगे न्यायला आल्या. आईने दातात दोरा धरूनच विचारलं, "एवढा उंच कोण हो? मापाचा कागद बघून मला वाटलं चुकलंच काहीतरी."

"अगं, तो नाही का, कोल्ड स्टोरेजमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो तो. भोंगा म्हणतात बघ त्याला."

आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणाच्या घरात उभ्या आहोत ते. तोंड असं झालं त्यांचं! हात उगाच पर्सवर गेला. म्हणाल्या, "मी... मी तिकडेच भेटते," आणि झगे तिथेच ठेवून गेल्या.

आईची सुई थांबली होती.

आता तुम्हाला भोंग्याचं सांगायला पाहिजे. दादाचा पाय कसा गेला ते तुम्हाला अर्धवटच माहीत आहे. त्या गोदामात आत इतकी थंडी असते की तोंडातून वाफ निघते. उंच उंच रॅक, मधल्या बोळातून फोर्कलिफ्ट मागेपुढे करतात. तिथला नियम असा की गाडी मागे घ्यायची असेल तर आधी दोनदा भोंगा वाजवायचा आणि थांबायचं. मागे जो माल लावत असेल तो बाजूला होतो आणि ओरडतो, "येऊ दे!" तो ओरडा आल्याशिवाय चाक हलवायचं नाही. बस्स. एवढा साधा नियम. आणि हा भोंगा म्हणजे भोंगा वाजवण्यात इतका हौशी की कॅंटीनमध्ये रांगेत पुढे घुसायचं असलं तरी तोंडाने पॅंपॅं करायचा. म्हणून ते नाव. दादाचा दोस्त होता हो तो. आमच्या घरी जेवायला यायचा, आईला मावशी म्हणायचा.

तर एक दिवस त्याने गाडी मागे घेतली आणि दादा गाडी आणि रॅकच्या मध्ये सापडला. गुडघ्याचा चुरा. डोकंही रॅकवर आपटलं, त्यामुळे दादाला त्यातलं काहीच आठवत नाही. शून्य. खोका उचलला इथपर्यंत आठवतं, मग एकदम दवाखान्याचं छत. चौकशी झाली. भोंगा म्हणाला, "ओरडा आला होता. मी ऐकला. म्हणून मागे घेतली." दादा काय बोलणार? त्याला आठवतच नाही! मग ठरलं की दादाने बाजूला न होताच 'येऊ दे' म्हटलं. चूक दादाची. नोकरी गेली, आता घरी बसून मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतो.

पण खरं सांगू? पायाचं सोडा. पायाला पट्टा लावला की तो चालतो. माणूस तोंडाला घाबरायला लागला, स्वतःच्या तोंडाला. मध्येच मला विचारायचा, "टिटवे, मी आत्ता काही बोललो का?" मी म्हणायचे, नाही रे. "नक्की?" नक्की. मग पुन्हा स्क्रू फिरवायला लागायचा. दोन वर्षं! आणि आई दर वेळी ते ऐकायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरात घासायची. कारण आईचं पहिल्या दिवसापासून एकच म्हणणं होतं. माझा मुलगा न बघता 'येऊ दे' म्हणणार नाही.

बरं. तर सुई थांबलीय. आईने दादाकडे बघितलं. दादा पट्टाच बघत होता.

"तुला माहीत होतं."

"हो," दादा म्हणाला.

"कधीपासून?"

"तू येत नाहीस त्या बुधवारच्या प्रार्थनेला तो यायला लागला तेव्हापासून. मागे बसतो. रडतो. पाळकसाहेब शिकवतात त्याला. आई, तो बदललाय."

"तुझ्याशी बोलला?"

"नमस्कार करतो."

"नमस्कार करतो!" आईने तो शब्द असा उच्चारला ना, की माझा कंगवा केसातच राहिला.

"आई, मी माफ केलंय त्याला. बुधवारी मंडळीत उभं राहून सांगितलंय मी तसं."

"कशाची माफी दिलीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे कशाची? तुझं म्हणणं तूच ओरडलास. मग त्याची चूकच नाही. मग माफ कशाचं केलंस? आणि तू ओरडला नसशील तर तो खोटं बोललाय, आणि ते तुला ठाऊकच नाही. मग न बघितलेल्या गोष्टीची माफी दिलीस होय रे? पाकीट न उघडताच सही केलीस?"

दादाने पट्टा सोडून पुन्हा आवळला. 

मग आईने सुई उचलली आणि तो झगा शिवून पुरा केला. शपथ! एकेक टाका असा ओढत होती की मला वाटलं कापड फाटणार. एक तुकडा कमी घातला नाही शिशाचा. घडी घातली, बाकीच्या झग्यांसकट माझ्या हातात दिला आणि चप्पल घालता घालता म्हणाली, "आज मी उठणार आहे."

आता हे 'उठणार' म्हणजे काय, ते ऐका, सगळं त्याच्यावरच आहे. आमच्या मंडळीत माणूस हौदात उतरला की आधी तो साक्ष देतो, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते आपल्या शब्दांत सांगतो. मग पाळकसाहेब सगळ्यांना तीनदा विचारतात, "कुणाची हरकत आहे का?" आणि कुणी एकजण जरी उठला, तरी बाप्तिस्मा तिथेच थांबतो. ज्याची हरकत आणि ज्याच्यावर हरकत, त्या दोघांचं समोरासमोर मिटेपर्यंत पाणी नाही. जुना नियम आहे. पण उठत कुणीच नाही! माझ्या आठवणीत एकदाच एक आजोबा उठले होते, सगळे दचकले, तर आजोबा म्हणाले, माझी त्या पंख्याला हरकत आहे, सरळ मानेवर येतोय.

वाटेत दादा काठी टेकत टेकत आईच्या मागे जवळजवळ धावत होता. "आई, नको. त्याचं तारण का अडवतेस?" तारण म्हणजे आमच्याकडे पापातून सुटका.

आई थांबली. रस्त्याच्या मधोमध. मागून एक सायकलवाला ओरडून गेला. "मी कोण रे अडवणार? देवाला द्यायचं असेल तर तो माझ्या नाकावर टिच्चून देईल. पण माझ्या समोर, माझ्या हातचा झगा घालून, पोटात ते तसंच ठेवून तो पाण्यात जाणार असेल, तर मी बाकावर बसून आमेन म्हणू? माझ्याच्याने नाही होणार."

आणि चालायला लागली.

आमचा हॉल म्हणजे गॅरेजच्या वरचा मजला. आतल्या भिंतींना नवा रंग, पण जिन्यात ऑइलचा वास. व्यासपीठाच्या फळ्या उचलून ठेवलेल्या, खाली हौद, सिमेंटच्या पायऱ्या, धरायला लोखंडी कठडा. पाणी गरम करायची सळई जळाली होती त्या आठवड्यात, त्यामुळे पाणी बर्फ. मी बोट घालून बघितलं ना! मी झगे पाळकीणबाईंच्या हातात दिले, त्यांनी माझा गाल धरला आणि पडद्यामागे गेल्या.

आम्ही तिसऱ्या बाकावर. मी मध्ये, आई डावीकडे, दादा उजवीकडे. दोघंही माझ्यावरून एकमेकांकडे बघत नाहीत.

हौदात दोन जण लागतात. एका बाजूने पाळकसाहेब, दुसऱ्या बाजूने मंडळीतला एक पंच, कारण ओला माणूस जड होतो, एकट्याला उचलत नाही. आणि त्या दिवशी पंच कोण? कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर! हो, तोच. चौकशी त्यानेच केली होती. माणूस तसा सज्जन हं, दादाला भेटायला फळं घेऊन आला होता. पण आता बघा ना, हौदात एका बाजूला देवाचा माणूस, दुसऱ्या बाजूला साहेब, आणि मध्ये भोंगा. खरं बोलला तर नोकरी त्या दुसऱ्या बाजूच्या माणसाच्या हातात!

आधी एका मुलीचा बाप्तिस्मा झाला, दवाखान्यात नर्स आहे ती. तीनदा विचारलं, कुणी हललं नाही, बुडवली, वर काढली, गाणं झालं. मी एक शब्द ऐकला नाही. मी आईचे हात बघत होते. मांडीवर नुसते ठेवलेले. आईचे हात कधी रिकामे असतात का सांगा!

मग भोंगा आला. देवा, किती वाळला होता! झग्यात नुसती काठी. पायऱ्या उतरताना पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा त्याचा श्वास अडकला, तो तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू आला. सुपरवायझरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मग तिथेच राहिला.

त्याने साक्ष दिली. "मी पापात होतो. मला झोप येत नव्हती. माझ्यामुळे... माझ्यामुळे एका भावाला इजा झाली. अपघात झाला. मी प्रभूकडे आलो. मी ऐकलं की तारण कृपेने आहे, कमवावं लागत नाही. मी ते घेतलं."

सगळे "आमेन" म्हणाले. माझ्या बाजूचा दादाही म्हणाला. अगदी मनापासून.

पाळकसाहेब म्हणाले, "मंडळी, कुणाची हरकत आहे का?"

मी आईची बाही धरली. आई हलली नाही.

"कुणाची हरकत आहे का?"

दादाचा हात माझ्या मांडीवरून आईच्या गुडघ्यावर गेला. आईने तो उचलला, हळूच, आणि त्याच्या मांडीवर परत ठेवला. तेव्हा मला कळलं, झालं आता.

"कुणाची हरकत—"

"माझी आहे," आई म्हणाली आणि उठली.

 खालच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पाना टाकला तो आवाज वर आला. पाळकसाहेबांनी चष्मा वर केला. "बोला, ताई."

"मला भाषण नाही करायचं. याला एकच विचारायचंय." आणि ती भोंग्याकडे वळली. "त्या दिवशी तू ओरडा ऐकलास का?"

भोंग्याचं तोंड उघडलं. 

सुपरवायझर म्हणाला, "वहिनी, ही जागा नाही त्याची. चौकशी झालीय, निकाल लागलाय."

"तो तुमच्या कंपनीचा. मी इथल्या हौदाशी उभी आहे."

"पण वहिनी, कृपेला अटी घालायच्या का आपण? तो काय परीक्षा द्यायला आलाय? प्रभूला सगळं माहीत आहे."

आणि खरं सांगू, मला एक क्षण ते पटलं. कारण तेच तर शिकवतात ना आम्हाला, की काही करून मिळत नाही, फुकट आहे. बऱ्याच माना हलल्या. कुणीतरी मागून कुजबुजलंसुद्धा, "बसवा त्यांना."

आई म्हणाली, "फुकट आहे, माहीत आहे मला. फुकट आहे म्हणूनच म्हणते. फुकटच मिळणार आहे तर मग मूठ कशाला आवळून धरलीय त्याने? उघडू दे ना. प्रभूला माहीत आहे म्हणता. असणारच. पण माझ्या पोराला नाही माहीत! तो रोज विचारतो. प्रभू त्याला सांगत नाही, कारण ज्याने सांगायचं तो इथे उभा आहे."

 पाळकसाहेबांनी भोंग्याचा हात सोडला आणि एक पाऊल मागे सरकले, पाण्यातल्या पाण्यात. वाट करून दिल्यासारखे.

आता बघा. त्याने "ऐकला" म्हटलं असतं तर? काय करणार होतो आम्ही? कुणी बघितलं नव्हतं. आई बसली असती, याला बुडवलं असतं, गाणं झालं असतं. एक शब्द फक्त. त्याचे ओठ जांभळे पडले होते, दात वाजत होते. त्याने मान वळवून खांद्यावरच्या हाताकडे बघितलं. मग सुपरवायझरच्या चेहऱ्याकडे. मग पाण्याकडे.  

"नाही," तो म्हणाला.

"मोठ्याने," आई म्हणाली.

"नाही आला ओरडा! मी दोनदा भोंगा वाजवला आणि थांबलोच नाही. खाली ट्रक उभा होता, उशीर झाला होता. रोज येतो ओरडा, मी धरून चाललो की आलाच. मग... मग तो खाली पडलेला, आणि साहेब धावत आले आणि म्हणाले, 'ओरडा आला होता ना?' असं 'ना' लावून विचारलं. आणि मी हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर मग..."



सुपरवायझरचा हात खांद्यावरून खाली आला. त्याने कुणाकडे बघितलं नाही. कठडा धरून पायऱ्या चढला, आणि तसाच, पॅंटमधून पाणी गळत, मधल्या वाटेने चालत गेला आणि जिना उतरला. त्याचे ओले पाय वाजत होते, चपक चपक, खालपर्यंत. कुणी थांबवलं नाही.

आई बसली. तिचं काम झालं होतं.  मला वाटलं संपलं.

पण दादा उठला!

"मी काही बोललो नव्हतो?" त्याने विचारलं. एकदम साधा आवाज.

"नाही रे," भोंगा म्हणाला. "तू पाठमोरा होतास. खोका बसवत होतास वरच्या फळीवर."

"नक्की?"

"नक्की. तू तोंडच उघडलं नव्हतंस."

दादा हसला. म्हणजे हसल्यासारखा आवाज आला, पण ते हसू नव्हतं. त्याचं तोंड लाल लाल होत गेलं, कानापर्यंत, आणि मी जन्मात दादाचा असा आवाज ऐकला नव्हता. "मग माझी हरकत आहे!"

बापरे! अख्खा हॉल. आईसुद्धा, "अरे..." म्हणून अर्धवट उठली.

"दोन वर्षं!" दादा काठी आपटत पुढे निघाला. "दोन वर्षं मी स्वतःच्या जिभेला शिव्या घातल्या! आणि तू मागच्या बाकावर बसून रडत होतास! मी तुला इथे उभा राहून माफ केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तू ते घेतलंस? गपचूप घेतलंस?"

"घेतलं," भोंगा म्हणाला.

दादा हौदाच्या काठावर जाऊन उभा राहिला. काठीचं टोक पाण्यात. मला वाटलं आता मारतो. शप्पथ वाटलं.

भोंग्याने मान खाली घातली. "बरोबर आहे तुझं. मी वर येतो. उद्या गोदामात जाऊन सांगतो सगळ्यांना. मग तू म्हणशील तेव्हा. नाही म्हणालास तरी चालेल." आणि पाळकसाहेबांकडे वळून, अगदी लहान मुलासारखं, "पण साहेब, मधल्या मध्ये मी मेलो तर?"

पाळकसाहेब म्हणाले, "पाणी कुणाला तारत नाही, बाळा. ज्याने तारायचं तो तुझ्यापर्यंत मघाशीच पोचला. तू 'नाही' म्हणालास ना, तेव्हा. पण नियम नियम आहे. हरकत आहे, तर आज पाणी नाही." मग दादाकडे बघून, "तुझा हक्क आहे. कुणी तुला घाई करणार नाही."

भोंगा एक पायरी चढला. झगा जड, ओला, पायाला चिकटलेला. दुसरी पायरी. आणि दादा तसाच उभा, श्वास असा चाललाय की काठावरून पडेल की काय.

"थांब," दादा म्हणाला.

भोंगा थांबला. एक पाय वर, एक पाय खाली.

"पाळकसाहेब, मला राग आलाय."

"दिसतोय."

"म्हणजे खूप आलाय. मला आत्ता याला माफ करावंसं वाटत नाहीये. आधीची माफी फुकट गेली, ती मोजू नका. आता खरी करायची तर वेळ लागणार. किती ते माहीत नाही."

"लागू दे."

"मग..." दादा जरा अडखळला. "मग माझा राग जाईपर्यंत हा थंडीत उभा का? माझ्या रागाचा आणि याच्या तारणाचा काय संबंध? तो प्रभू काय माझं तोंड बघून देतो का याला?"

पाळकसाहेब हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. "नाही."

"मग घेतो मागे. हरकत. राग ठेवतो, हरकत घेतो मागे. असं चालतं?"

"आजपर्यंत कुणी विचारलं नाही," पाळकसाहेब म्हणाले. "पण मला वाटतं चालतं."

आता अडचण बघा. दुसऱ्या बाजूला धरायला कुणीच नाही! पंच तर निघून गेला. पाळकसाहेबांनी बाकांकडे बघितलं, दोघंतिघं पुरुष अर्धवट उठले. पण त्याआधीच दादा काठावर बसला होता. काठी बाजूला टाकली, चपला काढल्या, पट्टा तसाच, आणि ढुंगणावर घसरत घसरत पायऱ्या उतरायला लागला. आई ओरडली, "अरे, गुडघा!" तो म्हणाला, "असू दे गं!"

आणि उतरला. पाणी लागल्याबरोबर अशी एक शिवी आली ना तोंडात, ती त्याने अर्धी गिळली. मागे कुणीतरी खोकलं.

एका बाजूला पाळकसाहेब, एका बाजूला दादा. दादाने भोंग्याचा दंड धरला. किती घट्ट, ते मला तिसऱ्या बाकावरून दिसत होतं, बोटं पांढरी झाली होती. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं. एकदाच. "कुणाची हरकत आहे का?" कुणाचीच नव्हती. त्यांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हटलं, आणि दोघांनी मिळून त्याला मागे झोपवला. गेला पाण्याखाली.

पाळकसाहेबांनी त्यांची बाजू वर ओढली. दादाची बाजू वर आली नाही.

मैत्रिणींनो, मी खोटं सांगत नाही. एक क्षण. दोन. भोंग्याचा एक खांदा पाण्याबाहेर, तोंड आतच, वर बुडबुडे. दादा खाली बघतोय. पाळकसाहेबांनी दादाकडे बघितलं. आई उभी. 

मग दादाने ओढला. असा जोरात ओढला की भोंगा उसळून वर आला, खोकत, नाकातोंडातून पाणी, आणि त्या झटक्याने दादाचा तो पाय सटकला. तो गेला असता खाली, पण भोंग्याने डोळेही न उघडता त्याला कवेत धरला. धरूनच उभा राहिला. दोघं तसेच, दात वाजवत. गाणं म्हणायचं असतं त्यावेळी. कुणाला सुचलंच नाही. शेवटी त्या नर्सने सुरू केलं, तेही भलत्याच पट्टीत.

सोमवारी भोंगा गोदामात गेला आणि सगळ्यांसमोर सांगून आला. फोर्कलिफ्टवरून त्याला उतरवलंय, पुढचं काय ते अजून ठरायचंय. सुपरवायझर दोन रविवार आला नाही. आई त्याच्या घरी गेली होती काल, काय बोलली ते सांगत नाही. आणि भोंग्याला आईने अजून घरात घेतलेलं नाही हं. दारात उभा राहून मावशी म्हणतो, ती मान हलवते.

पण मला राहवेना ना! मी त्याच दिवशी घरी दादाला टॉवेल देताना विचारलंच. "दादा, तू त्याला खाली जास्त वेळ धरलंस."

"हो."

"मुद्दाम?"

तो बराच वेळ गुडघा पुसत बसला. मग म्हणाला, "वाटलं, आता हा माझ्या हातात आहे. एवढंच वाटलं. मग काढला वर."